राजापूरची वखार

राजापूर हे कोकणातील नामांकित बंदर असूनही ते समुद्रकाठी नाही. जैतापुरापाशी खाडीच्या मुखातून आत शिरून, वळणे घेत सुमारे पंधरा मैल आत गेले, म्हणजे जेथे भरतीचा जोर ओसरतो आणि डोंगर अंगावर येतात तेथे हे गाव उतरत्या, अरुंद, फरसबंदी गल्ल्यांनी वसलेले आहे. गंगेच्या आगमनाने आणि पंच्यांनी या गावाचे नाव घरोघर पोचले. परंतु सतराव्या शतकात सुरतेच्या, लंडनच्या आणि विजापूरच्या दप्तरांत ते गाजत होते ते निराळ्या कारणासाठी. अणुस्कुऱ्याच्या घाटाने वरच्या देशातला माल बैलांच्या पाठीवरून येथे उतरे, मिरी, वेलदोडे आणि कापड येथून गलबतांत भरले जाई, आणि इराण-अरबस्तानापर्यंतचे व्यापारी या खाडीच्या टोकाशी बिऱ्हाडे करून राहत. अशा जागी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६४९ च्या सुमारास आपली वखार घातली. त्या वखारीचे अवशेष गावात अजून दाखवितात. तेथे साडेतीन शतकांहून अधिक काळापूर्वी जो प्रसंग घडला, त्यात परमुलखात व्यापार करणाऱ्या मंडळीच्या नीतीचा प्रश्न इतक्या स्वच्छ रूपाने उभा राहिला, की त्यानंतर त्या प्रश्नात नवे असे फारसे काही शिरलेले दिसत नाही.

ही कंपनी म्हणजे काय वस्तू होती, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १६०० सालच्या अखेरच्या दिवशी इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने दोनशेहून अधिक सरदार व सावकारांच्या एका मंडळीला पूर्वेकडील व्यापाराचा मक्ता सनदेने दिला. दोन वर्षांनी वलंदेजांची, म्हणजे डचांची, कंपनी निघाली, आणि तिला तर आरंभापासूनच किल्ले बांधण्याचा, तह करण्याचा आणि युद्ध पुकारण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडे सावकार होते, त्यांच्या पेढ्या होत्या, त्यांच्या हुंड्या दूरदूरच्या शहरांत पटत. पण ज्या पेढीचा मालक सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे बसतो, ज्याचे तोंड येथल्या ऋणकोने वा धनकोने कधी पाहिलेले नसते, आणि ज्याचा गुमास्ता अडचण येताच आपल्या राजाचे निशाण वर चढवितो, अशी पेढी येथल्या मुत्सद्द्यांच्या अनुभवाबाहेरची होती. कंपनीच्या नोकरांची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे १६७४ च्या सुमारास त्यांच्या ज्या पायऱ्या ठरल्या त्यांत लेखकाला वर्षाचे १० पौंड आणि फॅक्टराला २० पौंड असा तनखा होता. एवढ्या तुटपुंज्या वेतनावर जीव धोक्यात घालून माणसे कोकणातल्या पावसाळ्यात राहत, ती खासगी व्यापाराच्या आशेवर; म्हणजे वखारीतल्या प्रत्येक निर्णयात कंपनीचा नफा, राजाची इभ्रत आणि स्वतःची थैली अशी तीन गणिते एकाच वेळी चालत.

नोव्हेंबर १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी विजापूरचा सरदार अफझलखान पडला, आणि त्या महिन्याच्या अखेरीस पन्हाळा मराठ्यांच्या हाती आला. खानाची जहाजे राजापुरास होती. त्यांच्या मागावर मराठ्यांची तुकडी जानेवारी १६६० मध्ये खाडीवर उतरली, तेव्हा त्या जहाजांच्या ताब्यावरून वखारवाल्यांशी तिचा तंटा जुंपला. कारण विजापूरच्या अंमलदाराकडे कंपनीचे येणे होते आणि ते वसूल होण्यापूर्वी माल हातचा जाऊ देण्यास इंग्रज राजी नव्हते. या झटापटीत कंपनीचा दलाल आणि फिलिप गिफर्ड नावाचा फॅक्टर मराठ्यांनी धरले. वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन याने शिवाजी महाराजांस पत्र लिहून मैत्रीची भाषा केली, पकडलेली माणसे लवकरच मोकळी झाली, आणि प्रकरण येथेच मिटले असते तर इतिहासकारांना त्यावर दोन ओळींपेक्षा अधिक लिहिण्याचे कारण पडले नसते.

परंतु मार्चमध्ये विजापूरच्या सिद्दी जौहराने पन्हाळ्याला वेढा दिला. गडावर स्वतः महाराज होते. वेढा जसजसा आवळत गेला तसतसे राजापूरच्या इंग्रजांना दिसू लागले ते असे, की हा सिद्दी विजयी होणार, राजापूरचा मामला त्याच्या शब्दावर चालणार, आणि आपल्या वखारीत विकावयास आणलेले गर्भगोळे व उखळी तोफ यांना याहून चांगले गिऱ्हाईक मिळावयाचे नाही. एप्रिलमध्ये रेव्हिंग्टन काही सोबत्यांसह घाट चढून पन्हाळ्याखाली गेला, सिद्दीच्या छावणीत त्याने आपली तोफ मांडली आणि गडावर गोळे फेकले. केवळ माल विकून तो परतला असता तरी एक वेळ व्यापाराचे निमित्त पुढे करता आले असते. पण तोफ डागताना इंग्रजांचे निशाण वर फडकत होते. दोन महिन्यांपूर्वी ज्या राजाशी मैत्रीचे पत्र लिहिले, त्याच्यावर हा मारा होता, आणि दोन्ही पक्षांशी कंपनीचे कोणतेही वैर नव्हते. त्या गोळ्यांनी गडाचे फारसे बिघडले असे दिसत नाही. जुलैच्या मध्यास, भर पावसाच्या रात्री महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले. बाजीप्रभूंच्या पराक्रमाची ती रात्र मराठी मुलांना पाठ आहे, त्या वेढ्यातली इंग्रजांची तोफ मात्र फारशी कोणाला आठवत नाही.

महाराजांना ती आठवत होती. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडून शरण आणल्यावर ते कोकणात खाली उतरले, दाभोळ, संगमेश्वर घेत मार्चच्या आरंभी राजापुरावर आले. सैन्य शहराजवळ आल्याचे कळताच वखारवाले सामोरे गेले, आणि गेले तसेच धरले गेले. रेव्हिंग्टन, गिफर्ड, रिचर्ड टेलर, रँडॉल्फ टेलर ही मंडळी कैदेत पडली. वखार खणून काढली गेली, कारण पुरलेल्या द्रव्याचा संशय होता. घाटमाथ्यावरच्या आणि डोंगरकपारीतल्या किल्ल्यांवर त्यांना ठेवण्यात आले, काहींना अगोदर सोडण्यात आले, उरलेले १६६३ च्या प्रारंभी मोकळे झाले. दोन पावसाळे गडावर काढणे हे टेम्सच्या काठी वाढलेल्या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना ज्याने सह्याद्रीतील एक तरी श्रावण पाहिला आहे त्याला करता येईल.

कैद्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे पत्रांमागून पत्रे धाडली. आम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना या संकटात सापडलो, आणि कंपनी आमच्या सुटकेसाठी काहीच करीत नाही, असा त्यांचा आक्रोश होता. भाषाही उर्मट झालेली होती. यावर सुरतेच्या कौन्सिलाने १६६२ मध्ये जे उत्तर दिले ते, माझ्या मते, कंपनीच्या सबंध सतराव्या शतकातील पत्रव्यवहारात विरळा असे प्रामाणिक उत्तर आहे. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली इंग्रजी पत्रांचा जो मोठा संग्रह छापला त्यात ते पाहावयास मिळते. त्याचा आशय असा, की तुम्ही तुरुंगात कसे पडलात ते तुम्हालाच चांगले ठाऊक आहे. कंपनीचा माल राखल्याबद्दल तुम्हाला ही शिक्षा झालेली नाही, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन, इंग्रजांचे म्हणून सर्वांना ओळखू येणारे निशाण लावून तुम्ही गोळे उडवलेत त्याची ही शिक्षा आहे, आणि याखेरीज दुसरे कारण नाही. कैदेतल्या आपल्याच माणसांना कोरडेपणाने इतके स्पष्ट सांगणारे हे वरिष्ठ निर्दयही म्हणता येतील. पण घरातल्या घरात त्यांनी खरे लिहिले, आणि एवढ्याच एका कारणासाठी त्या पत्राचे मोल मोठे आहे.

घरातल्या घरात, असे मी म्हटले, त्याला कारण आहे. हीच कंपनी पुढे दहा-बारा वर्षे रायगडाकडे वकील पाठवीत राहिली ती राजापूरच्या लुटीची नुकसानभरपाई मागण्यासाठी, आणि त्या मागणीत पन्हाळ्याचा उल्लेख आपल्या तोंडून होणार नाही याची दक्षता घेतली गेली. आपल्या नोकराने केलेला अपराध हा त्या नोकराचा, आणि त्या अपराधाच्या परिणामी झालेले नुकसान मात्र कंपनीचे, ही वाटणी पाहिली म्हणजे हसावे की रागवावे हे कळेनासे होते. रेव्हिंग्टन हा अधिकाराबाहेर गेला असे सुरतेने म्हटले. पण वेढ्यात सिद्दीची सरशी झाली असती आणि राजापूरची जकात माफ झाली असती, तर तो अधिकाराबाहेर गेला असे कोणी लिहिले असते काय, याबद्दल मला शंका आहे.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. राजापूरच्या बाजारपेठेत त्या मार्चमध्ये केवळ इंग्रजच भरडले गेले नाहीत. ज्यांनी कोणावर तोफ डागली नव्हती असे हिंदी, इराणी, अरब व्यापारीही खंडणीसाठी धरले गेले, त्यांचे द्रव्य गेले. महाराजांचा राग रास्त होता असे म्हणताना या निरपराध सावकारांचा विसर पडता कामा नये. पन्हाळ्याच्या आधीही, जानेवारीच्या तंट्यात, पहिल्याने धरला गेला तो येथलाच दलाल. परदेशी पेढीच्या साहसाची पहिली झळ नेहमी तिच्या दारी बसलेल्या देशी मध्यस्थाला लागते, कारण साहेबाच्या मागे जहाज असते आणि दलालाच्या मागे फक्त घर.

राजापूर पडून महिना झाला नाही तोच, ३ एप्रिल १६६१ रोजी, लंडनमध्ये दुसऱ्या चार्ल्सने कंपनीला नवी सनद दिली आणि तिने ख्रिस्तेतर राजांशी युद्ध व तह करण्याचा अधिकार कंपनीच्या पदरात टाकला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. राजापूरची वार्ता तोपर्यंत तिकडे पोचणेही शक्य नव्हते. तरी इतिहासाच्या पटावर त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. रेव्हिंग्टनने जे बेकायदा केले तेच करण्याची परवानगी कंपनीला कायद्याने मिळाली, आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड खंडावर मुंबई बेट तिच्या ताब्यात आले, तेव्हा त्या परवानगीला पाय रोवण्यापुरती जमीनही लाभली.

मुंबईत बसल्यावर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला. एकीकडे सुरतेत मुघलांचा अंमल आणि कंपनीचा सर्वांत मोठा व्यापार. दुसरीकडे खाडीपलीकडे लाकूडफाटा आणि धान्य पुरवणारा मराठ्यांचा मुलूख. आणि मधोमध जंजिऱ्याचा सिद्दी, जो मुघलांचे आरमार घेऊन पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आसरा मागे. जंजिऱ्यासमोरच्या दंडाराजपुरीच्या मोहिमेसाठी महाराजांनी इंग्रजांकडे तोफा व गर्भगोळे मागितले, तेव्हा सुरतेच्या कौन्सिलाची जी तारांबळ उडाली ती त्यांच्या पत्रांत वाचण्यासारखी आहे. द्यावे तर मुघल सुभेदार रुष्ट होणार, न द्यावे तर राजापूरच्या भरपाईची आशा संपणार. म्हणून १६७२ मध्ये स्टीफन उस्टिकची वकिलातीवर रवानगी झाली तेव्हा त्याला शिकवण अशी होती, की तोफगोळ्यांविषयी निश्चित वचन देऊ नये आणि स्पष्ट नकारही देऊ नये. या अवधीत फ्रेंचांनी राजापुरास तोफा व शिसे विकून आपला व्यवहार उरकलाही. शस्त्र विकावे की नाही, हा प्रश्न येथे कोणीच नीतीचा म्हणून विचारलेला नाही. विचार होता तो एवढाच, की कोणत्या गिऱ्हाइकाला विकल्याने दुसरे कोणते गिऱ्हाईक तुटेल.

शेवटी १६७४ च्या उन्हाळ्यात हेन्री ऑक्झेंडन नारायण शेणवी या दुभाष्याच्या साहाय्याने रायगडास आला, आणि ६ जूनचा राज्याभिषेक त्याने प्रत्यक्ष पाहिला. त्याच्या या मुक्कामातली एक क्षुल्लक नोंद मला फार आवडते: गडावर इंग्रज मंडळींना मांस पुरवणारा म्हातारा खाटीक, ज्याने आपल्याकडून काही वर्षांत खपले नाही एवढे मांस या थोड्या दिवसांत खपवले, त्या पराक्रमी गिऱ्हाइकांचे दर्शन घेण्यासाठी मुद्दाम धापा टाकीत गड चढून आला होता. राजकारणाच्या वाटाघाटी इतक्या मोकळ्या मनाने झाल्या नाहीत. इंग्रजांनी वीस कलमे पुढे ठेवली. त्यांपैकी दोन कलमांवर मराठी मुत्सद्द्यांनी हरकत घेतली, आणि हरकतींचे स्वरूप पाहिले म्हणजे या दरबाराला आपल्या अधिकाराची जाणीव किती पक्की होती हे उमगते. कंपनीचे नाणे मराठी मुलखात चालावे, ही एक मागणी. तिला उत्तर असे, की नाण्याला त्याच्या धातूच्या वजनाइतकीच किंमत मिळेल, रयतेवर त्याची सक्ती होणार नाही. वादळाने किनाऱ्यावर फुटून लागलेली जहाजे इंग्रजांस परत मिळावीत, ही दुसरी; तिला उत्तर असे, की कोकणच्या रिवाजाप्रमाणे तो हक्क सरकारचा, आणि तुम्हाला तो सोडला तर फ्रेंच, वलंदेज सारेच तो मागतील. भरपाई दहा हजार होनांची ठरली; तीही रोख न देता मालाच्या किमतीतून आणि राजापूरच्या जकातीतून वळती करून घ्यावयाची, म्हणजे भरपाई हवी असेल तर राजापुरात पुन्हा वखार उघडून, कायद्याने वागून व्यापार करावा लागेल, अशी तजवीज. ही तोड ज्याने सुचवली त्याची बुद्धी कौतुकास्पद म्हटली पाहिजे.

या काळातल्या दोन कागदांचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १६७१ च्या डिसेंबरात महाराजांनी कुडाळच्या सुभ्यावरील नरहरी आनंदराव यास पत्र लिहिले, ते मिठासंबंधी आहे. पोर्तुगिजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते, म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वराकडचे मीठ पडून राहते. तेव्हा बारदेशच्या मिठावर एवढी जकात बसवावी, की ते येथल्या मिठाच्या भावाला येऊन बसेल, असा त्या पत्राचा हेतू. व्यापार बंद करा असे त्यात नाही. परक्या मालाने आपल्या मिठागरांवरचे लोक उपाशी मरू नयेत, एवढी काळजी आहे, आणि ती एका अंमलदाराला समजेल अशा साध्या हिशेबाच्या भाषेत आहे.

दुसरा कागद कर्नाटकातला. १६७७ मध्ये जिंजीचा मुलूख जिंकल्यावर चोलमंडलच्या किनाऱ्यावरील वलंदेजांना व्यापाराचा कौल द्यावयाचा होता. या वलंदेजांचा तेथला एक व्यापार माणसांचा होता. दुष्काळ पडला, की पोटासाठी विकली जाणारी स्त्री-पुरुष-मुले खरेदी करून ती सिंहलद्वीपाला आणि बटाव्हियाला पाठवीत. कौलात महाराजांनी असे घातले, की पूर्वीच्या अंमलात तुम्हाला गुलामांची खरेदी-विक्री बिनदिक्कत करू दिली जात होती, आमच्या अंमलात ती करता येणार नाही, आणि कोणी तसे करू लागल्यास आमची माणसे अडवतील. हे कलम घालताना कोणाच्या महसुलाची वृद्धी होणार नव्हती. उलट एका श्रीमंत कंपनीची नाराजी पत्करावी लागणार होती. परकीय कंपनीला कापड घ्या, मिरी घ्या, पण माणूस घेऊ नका, असे बजावणारा राज्यकर्ता त्या काळात आशिया खंडाच्या किनाऱ्यावर आणखी किती ठिकाणी सापडेल, याचा शोध अभ्यासकांनी घेण्यासारखा आहे.

या सर्व अनुभवाचे सार ज्याने लिहून ठेवले तो पुरुष राज्याभिषेकाच्या अष्टप्रधानांत तरुण अमात्य होता. रामचंद्रपंतांनी राजाराम महाराजांच्या संकटकाळी राज्य सावरले, आणि १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी, ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. सावकार हे राज्याची शोभा आहेत, त्यांना आणून वसवावे, त्यांचा मान राखावा, असे विस्ताराने सांगून झाल्यावर ते टोपीकरांकडे वळतात, आणि त्यांचा स्वर एकाएकी बदलतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार (डेन) हेही व्यापारच करतात, पण त्यांची जात इतर सावकारांची नव्हे, कारण प्रत्येकाच्या मागे एकेक राज्य करणारा राजा आहे आणि त्याच्या हुकुमाने ते येतात. जागा हाती आली, की ती प्राण गेला तरी सोडणार नाहीत. म्हणून त्यांची ये-जा असू द्यावी, ठाणे होऊ देऊ नये. वखारीस जागा द्यावीच लागली तर समुद्रतीरी वा खाडीच्या तोंडाशी देऊ नये, तेथे ते आरमाराच्या बळावर कोट उभारतील; काही कोस आत, मोठ्या शहराच्या दाबाखाली, सखल भागात द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. हे वाचताना खाडीच्या टोकाचे, समुद्रापासून पंधरा मैल आतले राजापूर अमात्यांच्या डोळ्यांसमोर होते, हे निराळे सांगावयास नको.

अमात्यांचे हे विवेचन मला मोठे वाटते ते त्यातील संशयामुळे नव्हे. परक्याचा संशय कोणत्याही दरबाराला सहज सुचतो. त्यांनी व्यापाराला दार बंद केलेले नाही, उलट व्यापाराची थोरवी गायली आहे. आणि मग शांतपणे एक भेद केला आहे, की जो सावकार आपल्या मुलखाच्या कायद्याखाली येऊन राहतो, ज्याला नुकसान झाले तर येथेच सोसावे लागते आणि अपराध केला तर येथेच भोगावा लागतो, त्याचा व्यापार निराळा. आणि जो नफा येथे करतो पण जबाबदारीच्या प्रसंगी समुद्रापलीकडच्या सत्तेकडे बोट दाखवतो, त्याचा व्यापार निराळा. रेव्हिंग्टनला सिद्दीच्या छावणीत आपण इंग्रज राजाची प्रजा आहोत असे दाखवायचे होते, आणि कैदेतून पत्रे लिहिताना आपण केवळ मालाचे राखणदार आहोत असे म्हणायचे होते. कारखान्यातील विषारी वायू, पडलेल्या इमारती, खाणीतली मुले यांच्या संदर्भात आजच्या बहुराष्ट्रीय कंपन्यांचे वकील जे युक्तिवाद करतात, त्यात मुख्य कंपनी एका देशात आणि जबाबदार शाखा दुसऱ्या देशात असते. ही मांडणी वाचताना मला सुरतेचे आणि राजापूरचे नाते वारंवार आठवते.

आज्ञापत्रातील टोपीकरांविषयीचा मजकूर छापील चार-पाच पानांहून मोठा नाही, आणि त्याची भाषा शब्दार्थसूची जवळ ठेवली तर आजच्या वाचकाला अवघड जाऊ नये. परदेशी भांडवलाशी करारमदार करण्याची, वा अशा करारांवर लोकांच्या वतीने सही करण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांनी तरी तो एकदा काढून वाचावा, आणि त्याच्या शेजारी सुरतेच्या कौन्सिलाचे १६६२ चे पत्र ठेवून वाचावे.